बागेचा सालगडी

होळी होऊन गेली होती आणि ऊन चावायला लागलं होतं. पहाटेची गार झुळूक मुकुंदवाडीच्या रुळांवरून यायची, ती पहिला चहा होईस्तोवर टिकायची. मग घरांच्या भिंतींतून धग निघायला लागायची. त्यामुळं बागेतलं काम त्या झुळकेच्या आत उरकायचं, असं ठरूनच गेलं होतं. कोपऱ्यावरच्या कडुलिंबानं जुनी पानं टाकली होती, शेंड्याला तांबूस पालवी धरली होती, आणि खाली वाफ्यावाफ्यांत पिवळ्या पानांचा खच पडला होता. बायका ती पानं खराट्यानं ओढून खड्ड्यात लोटत होत्या. बाप्ये लेंडीखताची पोती फोडत होते. भेंडी, गवार, दोडका, काकडी, उन्हाळी भाज्यांचे सगळे वाफे पाडव्याच्या आत तयार व्हायला हवे होते.

आणि तात्यासाहेब बांधावर उभे होते.

हातात काठी, डोक्याला पांढरी टोपी, धोतराचा सोगा खिशात. काठीचं टोक हवेत फिरवत ते बोलत होते. “आरं, त्यो पाण्याचा दंड वाकडा चाललाय. पाणी काय वळणं घेत जानार हाय का? अन् खत एकाच जागी कामून वतता? पसरा की.”

“तात्या,” खाली वाकून ढेकळं फोडणारी म्हाळसाबाई मान वर न करता म्हणाली, “बांधावरून दंड सरळ व्हत नसतो. काठी ठिवा अन् खाली उतरा.”

“मी उतरलो तर तुमाला सांगंल कोन?”

“सांगायला रेडू हाय की आमच्या घरी. त्यो बी दिसभर बोलतो. पर त्याचं बटन दाबलं की गप बसतो.”

सगळे हसले. तात्यासाहेबही हसले. म्हाळसाबाईचा नवरा त्रिंबक तर घमेलं खाली ठेवून हसला. पण तात्यासाहेब काही बांधावरून उतरले नाहीत.

बाग म्हणजे कॉलनीच्या मधोमध सुटलेली मोकळी जागा. आधी तिथं घरं बांधून उरलेला राडारोडा होता, गाजरगवत होतं, डुकरं होती. दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स आशाबाई, त्यांनी चार घरं गोळा केली, राडारोडा उचलायला लावला. बोअरला पाणी लागलं, टाकी झाली, घराला एक वाफा मिळाला. आशाबाईंचा कायदा एकच. मजूर लावायचा नाही. गावाकडं सावड असते तशी सावड करायची. आज सगळ्यांनी तुझ्या वाफ्यात राबायचं, पुढच्या रविवारी सगळ्यांनी माझ्या. कुणी मालक नाही, कुणी गडी नाही.

तात्यासाहेबांनी पहिल्या रविवारी पोराचा ड्रायव्हर पाठवून दिला होता, कुदळ घेऊन. आशाबाईंनी त्याला चहा पाजला आणि कुदळीसकट परत धाडला. “तात्यासाहेबांना सांग, कुदळ मिळाली. हात तेवढे पाठवा म्हणावं.” दुसऱ्या रविवारी ते स्वतः आले. हात सोबत होते, पण काठीला धरलेले.

त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली, करमाडकडच्या एका गावात त्यांचा जन्म. निजामाचं राज्य गेलं, बापाची काळी जमीन राहिली. ती जमीन तात्यासाहेबांनी हयातभर केली. केली म्हणजे करून घेतली. आळशी माणूस नव्हे. दिवस उगवायच्या आत रानात हजर, ओल बघायला मूठभर माती उचलून नाकाशी धरणार, ढगाचा रंग बघून पेरा मागं-पुढं करणार. पण खुरपं धरून निंदणीची पात संपेस्तोवर बसलेत, असं आख्ख्या आयुष्यात झालं नव्हतं. त्यांची शेती त्यांच्या डोळ्यांत होती आणि तोंडात होती. हात दुसऱ्यांचे असायचे.

मग ती जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. पोरानं शहरात येऊन धंदा मांडला, दुमजली घर बांधलं, आणि आईबापाला वरच्या मजल्यावर आणून ठेवलं. तात्यासाहेब तिथं रिकाम्या कणगीसारखे कोपऱ्यात बसून असायचे. कॉलनीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. बाग झाली आणि त्यांच्या जिवात जीव आला. खरं सांगायचं तर बागेपेक्षा जास्त त्रिंबकमुळं आला.

त्रिंबक मागच्या गल्लीत राहायचा. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. पण जवानीत मेंढरं सोडून चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागला, लेथवर उभं राहून जन्म काढला आणि स्वतःच्या पैशानं प्लॉट घेऊन घर बांधलं. बागेत त्याचाही एक वाफा, तात्यासाहेबांच्या वाफ्याला लागून. काम झालं की दोघं टाकीच्या कट्ट्यावर बसायचे. त्रिंबक तंबाखू मळायचा, अर्धी चिमूट तात्यासाहेबांच्या तळहातावर ठेवायचा. कॉलनीत बाकी सगळे त्यांना तात्यासाहेब म्हणायचे. त्रिंबक आणि त्याची बायको ‘तात्या’ म्हणायचे. गावात मेंढरांवाल्या घरातल्या कुणाची अशी हिंमत झाली नसती. आणि तात्यासाहेबांना ते ऐकायला बरं वाटायचं. का वाटायचं, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

पाडवा आला.

शेतकऱ्याच्या घरात पाडव्याला गुढीइतकंच महत्त्व सालगड्याला. गड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. मालकानं टॉवेल-टोपी द्यायची, नारळ द्यायचा, विडा द्यायचा. गड्यानं विडा उचलला की साल धरलं. त्या दिवसापासून वर्षभर त्याचे हातपाय त्या घरचे. तात्यासाहेब दर वर्षी आदल्या दिवशी शहागंजात यायचे आणि गड्याचे कपडे घेऊन जायचे. जमीन गेल्यापासून ते बंद पडलं होतं. पण या वर्षी, कशाला चाललो हे घरात न सांगता, ते रिक्षा करून शहागंजात गेले आणि जुन्याच दुकानातून चौकटीचा टॉवेल आणि पांढरी टोपी घेऊन आले.

“कुनासाठी वं?” पिशवीत डोकावून त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी विचारलं. चाळीसएक वर्षं याच पिशवीतल्या वस्तूंना त्यांनी हळदकुंकू लावलं होतं.

“बागेसाठी.”

“बाग टोपी घालती का?”

“तुला काय कळतंय त्यातलं,” तात्यासाहेब म्हणाले आणि पिशवी दाराआड ठेवून आले.

पाडव्याच्या सकाळी सगळे बागेत जमले. आशाबाईंनी कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा कालवून आणला होता. ज्यानंत्यानं तोंड वाकडं करून खाल्ला. मग पाण्याचा विषय निघाला. उन्हाळ्यात रोज पाणी द्यावं लागणार. पण लग्नसराई होती, पोरांना सुट्ट्या लागणार होत्या, माणसं गावी जाणार होती.

“घरागणिक एक एक दिवस लावून घेऊ,” आशाबाई म्हणाल्या.

“मी तर बारशाला लातूरला,” कुणी म्हणालं. कुणाची कंबर धरली होती. कुणाच्या घरी रंगकाम निघालं होतं.

तात्यासाहेबांनी काठी आपटली. “मी सांगतो. रोज येगळा माणूस आला की रोप मरतंच. कुनी वतून वतून मारतो, कुनी वाळवून मारतो. पाण्याला एकच हात पायजे. अन् त्यो मला ठावं हाय.”

त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, टोपी काढली, नारळ काढला. पानावर सुपारी ठेवली. सगळं त्या टॉवेलवर मांडलं आणि खत मिसळत बसलेल्या त्रिंबकासमोर नेऊन धरलं. “त्रिंबका, समद्यात चांगला हात तुझा हाय. हे साल तू धर. बागेचा गडी म्हून. उचल इडा.”

म्हाळसाबाईचं खुरपं मातीत रुतलं होतं, ते तिथंच राहिलं. आशाबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं.

त्रिंबकनं टॉवेलकडं बघितलं. मग तात्यासाहेबांकडं बघितलं, बराच वेळ. हात पँटीला पुसले. विडा उचलला, कपाळाला लावला. टोपी डोक्यावर चढवली.

“मालकाचा हुकूम,” तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, सुटल्यासारखे. तात्यासाहेबही हसले. त्यांना वाटलं, कार्य झालं. जमीन गेल्यापासून पहिला पाडवा पाडव्यासारखा झाला.

घरी जाताना ते खुशीत होते. लक्ष्मीबाई मागून चालत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

“आवं, तुमी काय केलं ते कळतंय का तुमाला?”

“काय केलं? मान दिला.”

“त्रिंबकभाऊ घर-दारवाला मानूस हाय. तुमच्या बरोबरीनं त्याचा वाफा हाय. त्याला तुमी समद्यांच्या म्होरं गडी केलं.”

“आगं, बागेचा गडी. बागेचा!”

“टावेल कोनी आनला? बागेनं आनला का?”

दोन्ही बाजूंच्या घरांवर गुढ्या उभ्या होत्या. “त्यानं इडा उचलला की,” तात्यासाहेब म्हणाले.

“व्हय. तुमची इज्जत राखायला उचलला. त्यानं नाय म्हनला आसता तर तुमी तोंड कुठं घातलं आसतं, त्याचा इचार त्यानं केला. तुमी त्याचा केला का?”

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब बागेत आले ते जरा चाचरत. पण त्रिंबक नेहमीसारखाच होता. डोक्यावर ती टोपी, खांद्यावर चौकटीचा टॉवेल, हातात पाण्याचा पाइप. सगळ्या वाफ्यांना पाणी देऊन झालं तसा तो बांधाखाली येऊन उभा राहिला.

“मालक, आता काय करू?”

“आरं, काय थट्टा लावली? चल, बस. तंबाखू काढ.”

“गडी मालकासंगं बसत नसतो,” त्रिंबक म्हणाला आणि कट्ट्यापासून लांब, खताच्या खड्ड्याशी जाऊन बसला. तंबाखू एकट्यानंच मळली.

लोकांना गंमत वाटली. त्रिंबकच्या नाटकाचं कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं, “मालक, आता काय करू?” चौथ्या दिवशीही. तात्यासाहेब आले की तो उभा राहायचा. ते गेटमधून बाहेर पडेस्तोवर बसायचा नाही. चहाची किटली आली की स्वतःचा कप घेऊन बाजूला जायचा. आठवड्यानं हसणारे हसायचे थांबले. तात्यासाहेब आले की बायकांच्या गप्पा आपोआप बारीक व्हायच्या.

“त्रिंबकराव, पुरे करा आता,” एकदा आशाबाई म्हणाल्या.

“पुरं कसं बाई? साल पाडव्यापसून पाडव्यापत्तुर आसतं.”

हे ऐकून तात्यासाहेबांना एकदम घाम फुटला. वर्षभर! त्यांनी काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, उजव्यातून डाव्यात. बांधावर उभं राहून कुठं बघावं ते त्यांना कळेना. खाली बघितलं तर त्रिंबकच्या टोपीचा माथा दिसायचा. असे टोप्यांचे माथे त्यांनी आयुष्यभर बांधावरून बघितले होते. त्याखाली तोंडं असतात, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

घरी त्यांचं जेवण कमी झालं. बागेत जाणं सोडून द्यावं, असं सकाळी मनात यायचं. मग वाटायचं, आपण नाही गेलो तरी तो तिथं टोपी घालून पाणी देतच असणार, आणि बघणारे म्हणणार, मालक घरी झोपलाय. गेलं तरी शरम, न गेलं तरी शरम. सगळ्यात वाईट वाटायचं ते ‘मालक’ या शब्दाचं. जो शब्द ऐकत ते म्हातारे झाले होते, तोच आता कानात खडा गेल्यासारखा टोचायचा.

शेवटी एका दुपारी ते त्रिंबकच्या घरी गेले. आधी कधी गेले नव्हते. रोज कट्ट्यावर बसणारा माणूस, पण त्याच्या उंबऱ्याला पाय लागला नव्हता, हेही त्यांना दारात उभं राहिल्यावर उमगलं.

दार म्हाळसाबाईनं उघडलं. “या मालक,” ती म्हणाली. तीसुद्धा.

त्रिंबक पलंगावर बनियनवर बसून पंख्याचा स्विच खोलत होता. तो उठून उभा राहिला.

“बस, बस,” तात्यासाहेब म्हणाले आणि समोरच्या खुर्चीवर टेकले. “मी इतकंच सांगायला आलो. ते साल मोडलं आसं समज. मी मोडलं. संपलं.”

“कसूर काय झाला मालक?”

“कसूर नाय रं…”

“मग मधीच काढून टाकता म्हंजी काय? गड्याला पाडव्याआधी काढलं की गाव म्हनतं, चोरी केली आसंल नायतर हात उचलला आसंल. गडी ठिवनारे बी तुमीच अन् काढनारे बी तुमीच. माझ्याकडं काय ऱ्हातं त्यात?”

तात्यासाहेबांना वाटलं होतं, आपण सोडलं की सुटलं.

म्हाळसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो तिनं त्यांच्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला. “एक सांगू का? ह्यांचा बाप सालानं ऱ्हायलेला हाय. दुष्काळात मेंढरं मेली, मग एक साल धरलं व्हतं, तिकडं फुलंब्रीकडच्या पाटलाकडं. पाडव्याला टोपी घालून घरी आला, अन् ह्यांची आई रडायला बसली. बाप घरात हाय, पर हाक आली की भाकर टाकून जायाचा. ह्यांनी तव्हाच ठरवलं, कंपनीत झाडू मारीन पर टोपी घेनार नाय. नाय घेतली. साठ वर्सं वलांडली तरी नाय घेतली.” ती थांबली. “तुमी घातली.”

“म्हाळसा, आता बास,” त्रिंबक म्हणाला.

तात्यासाहेब खाली बघत होते. फरशी नुकती पुसलेली होती, त्यावर त्यांच्या चपलांची माती पडली होती. चपला बाहेर काढायच्या राहून गेल्या होत्या.

“मला खोड लागली व्हती रं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पाडवा आला की टोपी घ्यायाची. माझ्याकडं कडूबा म्हून गडी व्हता. जवानीपसून माझ्याकडंच. जमीन जानार हाय ते समद्या गावाला कळलं, पर कडूबाला मी सांगितलं नाय. सांगायला तोंड व्हईना. पाडवा आला तसा त्यो रिवाजापरमानं आंगनात येऊन बसला. आता मालक टोपी देतील म्हून. मी घरात व्हतो. भाईर आलो नाय. त्यो दुपारपत्तुर बसला अन् उठून गेला. कुनाला काय बोलला बी नाय.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आवंदा वाटलं, कुनाच्या तरी डोक्यावर टोपी घालावी. तू जवळचा व्हता.”

पंखा बंदच होता. खोलीत घामाचा वास दाटला होता.

“हे मला कामून सांगता?” त्रिंबक म्हणाला. “कडूबाला सांगायचं हे.”

“त्यो पडेगावला आसतो म्हनं. पोराकडं.”

“मग काय इलायतेत हाय का? रिक्षा जाती तिथं.”

तात्यासाहेब उठले. पाण्याला हात लावायचं भानही राहिलं नाही. दाराबाहेर आल्यावर मागून म्हाळसाबाईचा आवाज आला, “पानी तर पिऊन जायाचं व्हतं,” पण तोवर ते पायऱ्या उतरले होते.

पडेगावला ते गेले नाहीत. एकदा रिक्षा केली, बाबा पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. कडूबासमोर उभं राहून पहिला शब्द कोणता काढायचा, ते ठरत नव्हतं. ‘कसा हाय’ म्हणावं, तर कुठल्या तोंडानं?

त्या रविवारची सावड त्रिंबकच्या वाफ्यात होती. गवार उगवून वर आली होती, दुपानी कोवळी रोपं, आणि पाणी नीट पोचावं म्हणून वाफ्याचा दंड नव्यानं काढायचा होता. तात्यासाहेब आले तेव्हा सगळे कामाला लागले होते. आज काठी नव्हती. टाकीजवळ टेकवलेलं फावडं त्यांनी उचललं आणि बांधाखाली उतरले.

धोतर वर खोचून ते दंड उकरायला लागले. सगळ्यांचे हात मंदावले. फावडं कसं धरतात, हे त्यांनी हजार वेळा बघितलं होतं. ओरडून सांगितलंही होतं. पण पहिल्याच घावाला ते मातीत न शिरता वरच्यावर सरकलं. दुसऱ्या घावाला दगडावर लागून मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. चौथ्या-पाचव्याला पाठीत कळ उठली. घाम डोळ्यांत जायला लागला, पुसावा तर हात मातीचे. काढलेला दंड वाकडा गेला होता. चांगलाच वाकडा, गोगलगाय गेल्यासारखा. त्यांनी वर बघितलं नाही. कुणीतरी हसावं, असं त्यांना वाटत होतं. म्हाळसाबाईनं काहीतरी बोलावं. ती मान खाली घालून ढेकळं फोडत राहिली.

“सोडू का पाणी?” आशाबाईंनी टाकीजवळून विचारलं.

“सोडा,” तात्यासाहेब म्हणाले. त्यांना वाटलं, वाकडा का होईना, दंड झालाय.

पाणी आलं. पहिल्या वळणाला ते थबकलं, फुगलं, आणि वळायच्या ऐवजी सरळ बांध फोडून वाफ्यात घुसलं. बारीक गवारीची रोपं आडवी झाली, काही मुळासकट तरंगायला लागली. तात्यासाहेब धावले. फावड्यानं माती टाकायला गेले, तर फावड्याचं पातं भोकातच शिरलं आणि भोक हातभर रुंद झालं. “बंद करा! बंद करा!” ते ओरडले. आशाबाईंना कॉक लवकर फिरेना.

आता ते गुडघ्यांवर होते. दोन्ही हातांनी चिखल ओढत होते, पाणी बोटांमधून निघून जात होतं. धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं. कॉलनीतली सगळी माणसं, बायका, टाकीच्या नळावर आलेली शेजारची माणसं, सगळी बघत होती. असं भर दिवसा, सगळ्यांच्या नजरेखाली, जमिनीवर गुडघे टेकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. तोंडातून शब्द निघाला तोही चिखलात बघूनच निघाला.

“माझं चुकलं. लई चुकलं माझं.”

कुणाला म्हणाले, ते कुणाला नीट कळलं नाही. रोपांना म्हणाले असतील.

त्रिंबक पलीकडून आला. टोपी त्यानं काढून बांधावर ठेवली होती, कामाला बसताना की आत्ता, ते ध्यानात आलं नाही. तो त्यांच्या बाजूला उकिडवा बसला. वाहत्या पाण्यातून त्यानं दोन रोपं उचलली, हातावर घेऊन बघितली आणि ओल्या कडेला रोवली.

“जगतील,” तो म्हणाला. “आर्धी तरी.”

“तुझा वाफा मी घालवला.”

“घालवलाच.” त्रिंबकनं आणखी एक रोप उचललं. “आजचा दिस तुमी माझ्या वाफ्यात राबलात. म्होरल्या रईवारी मी तुमच्या वाफ्यात येनार. सावडीचा म्हून. ध्यानात आसू द्या.”

“व्हय.”

“पडेगावला गेलता का?”

तात्यासाहेबांनी मान हलवली. नाही म्हणून. ती मान वर आली नाही.

त्रिंबकनं त्यांच्याकडं बघितलं. बघण्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. जो माणूस अजून अर्ध्या रस्त्यात आहे, त्याच्याकडं बघावं तसं बघितलं. मग म्हणाला, “तात्यासाहेब, हात पसरून धरू नगा. बोटं मिटवा. खालची माती घ्या, घट्ट आसलेली. वरली वाहून जाती.”

कॉक बंद झाला होता, पण पाइपात उरलेलं पाणी अजून येत होतं. तात्यासाहेबांनी बोटं मिटवली, ओंजळीनं खालचा चिकट गाळ काढला आणि फुटक्या बांधावर दाबला. थोडं पाणी तरीही झिरपत होतं. त्यांनी आणखी एक ओंजळ भरली.